बारामती मतदारसंघ : टेलच्या गावातून पाहताना

(निरवांगी, ता. इंदापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सासवडहून प्रस्थान ठेवणारी संत सोपानदेवांची पालखी बारामती, लासुर्णे असे करीत निरवांगीला येते आणि येथून नीरा ओलांडून अकलूजच्या वाटेला लागते. सासवड पुरंदर तालुक्यात, निरवांगी इंदापूर तालुक्यात. म्हणजे बारामती लोकसभा मतदारसंघाचा मोठा पट्टा हे वारकरी दरवर्षी पायी तुडवतात. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, खासदारही बदलतो. पलीकडे सोलापूर जिल्हा आणि माढा मतदारसंघ. अलीकडे पुणे जिल्हा आणि बारामती.

दुसरी वाट पाण्याची आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजी राजवटीत नीरा डावा कालवा खोदण्यात आला. सुमारे दीडशे किलोमीटरचा हा कालवा पुरंदर, बारामती असा वाहत इंदापूर तालुक्यात येतो, तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. कालव्याच्या भाषेत वरची गावे ‘हेड’ची आणि खालची ‘टेल’ची. आवर्तन कितीही दिवसांचे जाहीर होवो, टेलच्या शेतकऱ्याला पाटकऱ्याच्या सायकलीची वाट पाहत बांधावर बसावेच लागते. निरवांगी, निमसाखर या परिसराला हा अनुभव नवा नाही. मतदारसंघाचा इतिहास बहुधा हेडकडून, म्हणजे बारामती शहरातून किंवा मुंबई-दिल्लीच्या वृत्तपत्रांतून सांगितला जातो. तो टेलकडून पाहिला तर वेगळा दिसतो, आणि आजच्या विषयाचे प्रयोजन तेवढेच आहे.

बारामती म्हटले की ‘अभेद्य बालेकिल्ला’ हे शब्द पाठोपाठ येतात. समर्थक ते अभिमानाने उच्चारतात, विरोधक हताशपणे. दोघांनाही एक गोष्ट सोयीची वाटते, ती म्हणजे मतदार ठरलेला आहे असे मानणे. समर्थकाला त्यामुळे प्रचाराचे कष्ट वाचतात आणि विरोधकाला पराभवाचे कारण आयते मिळते. पण नोंदी काय सांगतात? बारामती नावाचा लोकसभा मतदारसंघ १९५७ मध्ये अस्तित्वात आला. तेव्हापासून २०२४ पर्यंत सार्वत्रिक निवडणुका झाल्या १७ आणि पोटनिवडणुका ४. एकूण २१ वेळा येथील मतदाराने दिल्लीला प्रतिनिधी पाठवला. त्यांपैकी ११ वेळा पवार आडनावाची किंवा त्या घरातील व्यक्ती निवडून आली : शरद पवार सहा वेळा, अजित पवार एकदा, सुप्रिया सुळे चार वेळा. उरलेल्या १० वेळा जेधे, जाधव, खाडिलकर, काकडे, पाटील, थिटे अशी नावे आहेत. म्हणजे निम्म्याला थोडेच कमी. अखंड असे जे काही आहे ते १९९६ नंतरचे आहे. त्याआधीची चार दशके हा मतदारसंघ सतत हलता होता.

पहिले खासदार केशवराव जेधे. पुण्याच्या ब्राह्मणेतर चळवळीतून पुढे आलेला, काकासाहेब गाडगीळांबरोबर काँग्रेस बहुजन समाजात नेणारा, पुढे शंकरराव मोऱ्यांसह शेतकरी कामगार पक्ष उभारणारा आणि १९५४ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये परतलेला हा नेता. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यात झाली. पुणे शहरातून समितीचे ना. ग. गोरे निवडून आले. बारामतीने मात्र काँग्रेसच्या जेध्यांना कौल दिला. एकाच जिल्ह्यात असे दोन कौल लागले, याचे कारण पक्षाच्या चिन्हापेक्षा जेध्यांच्या व्यक्तित्वात आणि खेड्यापाड्यांतील त्यांच्या ओळखीत शोधावे लागते.

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये जेध्यांचे निधन झाले आणि १९६० मध्ये पोटनिवडणूक झाली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभे केले. समोर शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार, शरद पवारांचे थोरले बंधू. काटेवाडीचे हे घर तेव्हा शेकापचे होते. मातोश्री शारदाबाई त्या पक्षाच्या निष्ठावंत कार्यकर्त्या. धाकटे शरदराव पुण्यात महाविद्यालयात शिकत होते आणि युवक काँग्रेसचे काम करीत होते. त्यांनी सख्ख्या भावाविरुद्ध काँग्रेसचा प्रचार केला. ही हकीकत स्वतः पवारांनीच आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे, त्यामुळे तिच्याविषयी वाद नाही. गुलाबराव जेधे निवडून आले.

२०२४ मध्ये नणंद-भावजयीचा सामना झाला, तेव्हा वृत्तवाहिन्यांनी ‘पवार घराण्यात प्रथमच फूट’ असा गजर केला. तो चुकीचा होता. या मतदारसंघाच्या दुसऱ्याच निवडणुकीत त्या घराचे दोन भाग पडले होते, आणि तेव्हा घरातला उमेदवार पडला होता. विचारासाठी घर बाजूला ठेवता येते, हा धडा येथे १९६० मध्ये गिरवला गेला. दुसरीही गोष्ट त्याच निवडणुकीत घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वडिलांच्या जागी मुलगा ही उमेदवारी येथे पहिल्यांदा दिली गेली ती पवारांना नव्हे, जेध्यांना. देणारा पक्ष काँग्रेस. घराणेशाहीचा दोष एकाच आडनावावर टाकणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९६२ ला गुलाबराव पुन्हा आले. १९६७ ला तुळशीदास जाधव. मूळचे सोलापूर जिल्ह्यातील स्वातंत्र्यसैनिक, तेही शेकापमार्गे काँग्रेसमध्ये आलेले, आणि त्याआधी नांदेडचे खासदार राहिलेले. १९७१ ला र. के. खाडिलकर, लोकसभेचे माजी उपाध्यक्ष, आधीचे खेडचे खासदार, पुढे केंद्रात कामगारमंत्री. दोघेही कर्तृत्ववान, पण दोघेही बाहेरचे. वरून नाव यायचे आणि बैलजोडीवर किंवा गाय-वासरावर शिक्का पडायचा. आपला खासदार आपल्या तालुक्यातला असावा ही अपेक्षाच त्या काळी मतदाराला शिकवली गेली नव्हती.

मग आणीबाणी आली. २५ जून १९७५ च्या रात्री लोकशाही गुंडाळली गेली, ४ जुलैला संघावर बंदी आली, वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर सेन्सॉरची कात्री चालू लागली. पुण्याचे येरवडा कारागृह राजकीय स्थानबद्धांनी भरून गेले. सरसंघचालक बाळासाहेब देवरस तेथेच होते. १४ नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला. गावोगावच्या शाळामास्तरांनी, शेतकऱ्यांनी, छोट्या दुकानदारांनी त्यात भाग घेतला. त्यांपैकी अनेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. मार्च १९७७ मध्ये मतपेट्या उघडल्या तेव्हा महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला अवघ्या २० मिळाल्या. जनता पक्षाने १९ जिंकल्या. त्या १९ मध्ये बारामती होती. बारामती तालुक्यातल्याच निंबुतचे संभाजीराव काकडे जनता पक्षाचे खासदार म्हणून निवडून गेले.

या निकालाचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. उत्तर भारतात नसबंदीच्या जुलमाने खेडी पेटली होती. महाराष्ट्रात तशी तीव्रता नव्हती. सहकारी साखर कारखाने, सोसायट्या, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ ही सगळी व्यवस्था काँग्रेसच्या हाती होती. ऊस उभा असलेल्या शेतकऱ्याची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको : नोंद वेळेवर लागेल का, तोडणीची टोळी वेळेवर येईल का, की ऊस वाळून वजन घटेल, या काळजीत त्याचे अर्धे मत गहाण पडलेले असते. गुप्त मतदान कायद्याने मिळते. पण गाव लहान, बूथ लहान, आणि कोणत्या वस्तीने काय केले याचा अंदाज संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आलेला असतो. अशा मतदाराने सत्तेच्या विरुद्ध शिक्का मारणे सोपे नव्हते. तो मारला गेला. ‘येथे काही होऊ शकत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी १९७७ हे उत्तर आहे.

अर्थात जनता पक्ष टिकला नाही, आणि त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. १९८० च्या लाटेत काँग्रेसने राज्यात ३९ जागा परत घेतल्या आणि बारामतीतून शंकरराव बाजीराव पाटील निवडून आले. इंदापूर तालुक्याने पाठवलेला हा पहिला खासदार, बावड्याचा. मतदारसंघाचे केंद्र एकदा तरी टेलकडे सरकले ते त्या वेळी. तालुक्यातील कर्मयोगी कारखान्याला आज त्यांचे नाव आहे.

पुढची बारा वर्षे मात्र फारच विलक्षण आहेत. डिसेंबर १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांत एक बारामती होती. समाजवादी काँग्रेसचे शरद पवार लाटेविरुद्ध निवडून आले. हा विजय त्यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत निर्भेळ विजय म्हणावा लागेल. हाताशी सत्ता नव्हती, देशभर वारे उलटे होते, आणि तरी मतदाराने आपल्या माणसाला निवडले. पण काही आठवड्यांतच राज्यात विधानसभेची निवडणूक लागली. पवार विधानसभेवर गेले, विरोधी पक्षनेते झाले आणि लोकसभेची जागा सोडली. १९८५ ची पोटनिवडणूक झाली. त्या वर्षीच्या विधानसभेला समाजवादी काँग्रेस, जनता पक्ष, भाजप आणि शेकाप एका आघाडीत लढले होते. त्या वातावरणात संभाजीराव काकडे दुसऱ्यांदा खासदार झाले, जनता पक्षाचेच. म्हणजे बारामतीने बिगरकाँग्रेसी उमेदवार सलग दोनदा दिल्लीला धाडला, आणि तोही राजीव गांधींच्या चारशेहून अधिक जागांच्या काळात!

१९८६ अखेर पवार काँग्रेसमध्ये परतले. १९८९ ला शंकरराव पाटील पुन्हा निवडून आले, काँग्रेसचे. १९९१ ला तरुण अजित पवार खासदार झाले. त्याच वर्षी नरसिंह राव पंतप्रधान झाले, शरद पवारांना संरक्षणमंत्रिपद मिळाले आणि त्यांना लोकसभेची जागा हवी होती. पुतण्याने जागा रिकामी केली, काका पोटनिवडणुकीत आले. पुतण्या बारामतीच्या विधानसभेच्या जागेवर गेला. एका घरात दोन सभागृहांची अदलाबदल झाली आणि मतदाराने एकाच वर्षात लोकसभेसाठी दोनदा बोटाला शाई लावून घेतली. मुंबईच्या दंगलींनंतर मार्च १९९३ मध्ये पवार मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतले. जागा पुन्हा रिकामी. १९९४ च्या पोटनिवडणुकीत शिरूरकडील बापूसाहेब थिटे निवडून आले. १९९६ ला परत शरद पवार.

मोजून पाहावे : १९८४ ते १९९६ या काळात सात निवडणुका. त्यांपैकी तीन पोटनिवडणुका, आणि तिन्ही एकाच कारणाने, लोकप्रतिनिधीला दुसरे पद अधिक महत्त्वाचे वाटले म्हणून. यात बेकायदेशीर काही नाही. देशभर असे घडते, इतर पक्षांतही घडते. पण मतदाराशी केलेला करार किती वर्षांचा असतो, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा होता आणि तो कोणी विचारला नाही. उत्सवाला गाव सजते तसे मतदान केंद्र सजवायचे, रांगा लावायच्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. एखाद्या दुष्काळी तालुक्याच्या खासदाराने पाच वर्षे एकाच प्रश्नाचा लोकसभेत पाठपुरावा करावा, अशी संधीच त्या बारा वर्षांत फारशी उरली नाही.

येथे एक कबुली प्रामाणिकपणे दिली पाहिजे. पवारांच्या राजकारणाशी कितीही मतभेद असोत, बारामती शहर आणि परिसरात उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था, औद्योगिक वसाहत, शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र हे काम नाकारणे कोतेपणाचे ठरेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी बारामतीत येऊन त्या कामाची जाहीर दखल घेतली होती. आक्षेप आहे तो वेगळा. मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा आणि प्रकाशाचा झोत एका शहरावर, हे किती काळ चालावे? शेजारचे वालचंदनगर पाहा. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि पुढे अवजड यंत्रनिर्मितीचा उद्योग उभारला. अणुभट्ट्यांचे आणि अंतराळ मोहिमांचे सुटे भाग इंदापूर तालुक्यात तयार झाले. हे कोणत्याही निवडणुकीची देणगी नव्हते. टेलच्या गावातही कर्तृत्व उभे राहते, त्याला खासदाराच्या मतदारसंघातील क्रमांक लागत नाही.

१९९८ मध्ये पवार पुन्हा आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. १९९९ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडून त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली. चिन्ह बदलले, हाताऐवजी घड्याळ आले, मते मात्र बरोबर गेली. २००४ लाही तेच. या काळात समोर उभ्या राहिलेल्यांची नावे आठवणारे आता थोडे आहेत. १९९९ ला भाजपच्या डॉ. प्रतिभा लोखंडे होत्या. २००४ ला इंदापूर तालुक्यातील सहकार क्षेत्रातले पृथ्वीराज जाचक. २००९ ला कांता नलवडे उभ्या राहिल्या, आणि सुप्रिया सुळे त्यांच्यापेक्षा ३,३६,८३१ मतांनी पुढे गेल्या.

पराभव निश्चित मानला गेलेल्या जागी अर्ज भरणे, हे निवडणुकीच्या गणितात बसत नाही. वृत्तपत्रे अशा उमेदवाराला ‘बळीचा बकरा’ म्हणून मोकळी होतात. पण बूथवर बसायला दोन माणसे मिळत नसताना जो कार्यकर्ता मतदारयादीचा गठ्ठा काखेत घेऊन वाड्या-वस्त्या फिरला, त्याच्यामुळे त्या गावात निवडणूक झाली. नाहीतर नुसती नोंदणी झाली असती. संघटनेच्या कामात हे नेहमीच असे असते. पेरणारा एक, कापणी करणारा दुसरा, आणि कधी कधी कापणी होतही नाही.

२००८ च्या परिसीमनाने मतदारसंघाचा चेहरा पालटला. शिरूर तालुका निघून त्याच नावाच्या नव्या मतदारसंघात गेला आणि पुण्याला लागून असलेले खडकवासला क्षेत्र आत आले. आता दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, भोर आणि खडकवासला. एकीकडे धायरी-वारजेची गृहसंकुले, दुसरीकडे भोर-वेल्ह्याचे डोंगरी पाडे, तिसरीकडे नीरा-भीमेमधला हा उसाचा पट्टा. एका खासदाराने इतक्या वेगळ्या जीवनपद्धतींचे प्रतिनिधित्व करायचे. त्याच फेररचनेत नदीपलीकडे माढा मतदारसंघ जन्मला आणि २००९ मध्ये शरद पवार स्वतः तेथून लढले. बारामती कन्येकडे आली.

मग २०१४. या निवडणुकीवर थोडे थांबले पाहिजे. महायुतीने ही जागा राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकरांना सोडली. माण तालुक्यातील धनगर कुटुंबातून आलेला, घरदार न केलेला, खिशात फार काही नसलेला हा माणूस. राज्यात महायुतीने ४८ पैकी ४२ जागा जिंकल्या. बारामतीत सुप्रिया सुळे यांना ५,२१,५६२ मते मिळाली, जानकरांना ४,५१,८४३. फरक ६९,७१९. पाच वर्षांपूर्वीचे सव्वातीन लाखांपुढचे मताधिक्य येथवर आले! एकट्या बारामती विधानसभा क्षेत्राने दिलेली आघाडी या एकूण फरकापेक्षा मोठी होती. म्हणजे उरलेल्या पाच क्षेत्रांची बेरीज केली तर जानकर पुढे होते. इंदापूर-दौंडच्या माळरानांवरील मेंढपाळ वस्त्यांपासून खडकवासल्याच्या सोसायट्यांपर्यंत मते एका बाजूला आली, हे चित्र या मतदारसंघाने आधी पाहिले नव्हते. उमेदवार कमळावर लढला असता तर काय झाले असते, ही चर्चा पुढे कितीतरी दिवस रंगली. ती व्यर्थ आहे. झाले ते पुरेसे बोलके होते : ज्याला जातीच्या आणि पैशाच्या हिशेबात कोणी धरले नव्हते अशा उमेदवाराला साडेचार लाख लोकांनी मत दिले.

२०१९ ला भाजपने स्वतःच्या चिन्हावर दौंडच्या कांचन कुल यांना उभे केले. ५,३०,९४० मते मिळाली, म्हणजे जानकरांपेक्षा जास्त. पण सुळे ६,८६,७१४ वर गेल्या आणि फरक दीड लाखाच्या वर. खडकवासला आणि दौंडने कमळाला आघाडी दिली, बारामतीने ती भरून काढली. २०१४ चा इशारा ज्यांना समजायचा त्यांना समजला होता. खासदारांनी पाच वर्षांत गावभेटी वाढवल्या होत्या. चुरशीच्या लढतीचा पहिला लाभ मतदाराला असा मिळतो.

आता पाण्याकडे. २०१९ च्या निकालानंतर तीनच आठवड्यांनी, जूनमध्ये, राज्य सरकारने नीरा देवघर धरणाच्या पाण्याचा निर्णय केला. या धरणाचे पाणी काही वर्षे डाव्या कालव्याला, म्हणजे बारामती-इंदापूरला अधिक मिळत होते. उजवीकडील फलटण, माळशिरस, सांगोल्याचे म्हणणे असे की, आमचे कालवे अपुरे ठेवले गेले म्हणून आमच्या हक्काचे पाणी डावीकडे वळले. माढ्याचे नवे खासदार रणजितसिंह नाईक-निंबाळकर यांनी ही मागणी लावून धरली आणि सरकारने ते पाणी उजवीकडे दिले. पुढच्या वर्षी सरकार बदललेले होते, निर्णयही बदलला. दोन्ही वेळा मुंबईत टाळ्या वाजल्या, दोन्ही वेळा पक्षांनी आपापली पत्रके काढली.

नदीच्या दोन तीरांवरील शेतकरी हे एकाच विठ्ठलाला जाणारे वारकरी. दोघांचीही तहान खरी. फलटणच्या शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे मिळालेच पाहिजे. पण डाव्या कालव्यातले पाणी घटले की कपात सर्वांवर सारखी पडत नाही. हेडचा मळा पूर्ण भिजतो आणि टेलची पाळी रद्द होते. निर्णय आपल्या विचाराच्या सरकारने घेतला म्हणून इंदापूरच्या कार्यकर्त्याने गप्प बसावे, किंवा विरोधी सरकारने घेतला म्हणूनच ओरडावे, ही दोन्ही वागणी मतदाराच्या लक्षात राहतात. २०२१ मध्ये उजनीचे पाच टीएमसी पाणी इंदापूरला देण्याचा आदेश निघाला आणि सोलापूरकरांच्या विरोधानंतर महिन्याभरात मागे घेतला गेला. तो आदेश काढणारे आणि मागे घेणारे सरकार एकच होते.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिले. शरद पवारांच्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. ७ मे २०२४ ला मतदान झाले. महायुतीतर्फे घड्याळावर सुनेत्रा पवार, समोर सुप्रिया सुळे. वर्षानुवर्षे घड्याळाविरुद्ध पोलचिठ्ठ्या वाटणाऱ्या भाजपच्या कार्यकर्त्याला या वेळी घड्याळाच्याच चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या. त्याच्या मनाची ओढाताण कोणत्याही सर्वेक्षणात मोजली गेली नाही. २०१४ मध्ये जानकरांसाठी ज्या वस्तीवर तो गेला होता, त्याच वस्तीवर दहा वर्षांनी काय सांगायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागले. युतीचा धर्म त्याने पाळला. पण मतदार युतीधर्माला बांधील नसतो. सुळे यांना ७,३२,३१२ मते पडली, सुनेत्रा पवारांना ५,७३,९७९. सहापैकी केवळ खडकवासल्याने महायुतीला आघाडी दिली, ती २० हजारांवर. बारामती विधानसभा क्षेत्रात सुळे ४८ हजारांहून अधिक मतांनी पुढे राहिल्या, इंदापुरात २५ हजारांहून अधिक.

आणि नोव्हेंबरमध्ये? तेच मतदार, तीच केंद्रे, अवघे सहा महिने उलटलेले. सहाच्या सहा जागा महायुतीने जिंकल्या. बारामतीत अजित पवार १,००,८९९ मतांनी विजयी झाले. समोर पुतण्या युगेंद्र पवार. दौंडला राहुल कुल, खडकवासल्यात भीमराव तापकीर, पुरंदरला विजय शिवतारे. भोरमध्ये थोपट्यांची पिढीजात जागा शंकर मांडेकरांनी घेतली. इंदापुरात दत्तात्रय भरणे घड्याळावर निवडून आले. त्यांच्यासमोर हर्षवर्धन पाटील होते, ज्यांनी २०१९ ची निवडणूक कमळावर लढवली होती आणि २०२४ ची तुतारीवर. अपक्ष, काँग्रेस, भाजप आणि नंतर पवारांचा पक्ष, असा त्यांचा प्रवास तालुक्याने पाहिला आहे. शंकरराव पाटलांचे ते पुतणे; काकांच्या नावाचा कारखाना तालुक्यात उभा आहे, तरी गेल्या तीन विधानसभा निवडणुकांत गुलाल दुसऱ्याच्या अंगावर पडला.

हा मतदार बालेकिल्ल्याचा रहिवासी आहे काय? मे महिन्यात त्याने खासदार लेकीला ठेवले आणि नोव्हेंबरमध्ये आमदार पुतण्याला; ज्या क्षेत्रात एकीला ४८ हजारांची आघाडी दिली, तेथेच दुसऱ्याला लाखाचे मताधिक्य दिले. १९६० मध्ये त्याने पवारांचा उमेदवार पाडला, १९७७ मध्ये सत्ता पाडली, १९८४ मध्ये लाट अडवली, २०१४ मध्ये जवळपास गड पाडला. प्रत्येक वेळी त्याला गृहीत धरणारे कोणीतरी मुंबईत किंवा बारामतीत बसलेले होते. टेलच्या गावांच्या मतपत्रिका आणि पुढे यंत्रे रात्री उशिरा मतमोजणीच्या ठिकाणी पोहोचायची, आणि तोवर विजयाची पत्रके छापूनही झालेली असायची.

येत्या काळात निरवांगीच्या ओट्यावर, पारावर मते मागायला जे येतील, त्यांच्या हाती कोणतेही चिन्ह असो, त्यांना विचारण्यासारखा पहिला प्रश्न साधा आहे : मागचे आवर्तन या गावाच्या चारीला किती दिवस आले, आणि त्या दिवसांत आपण कुठे होता?